चौथ्या प्रकरणातले नाव

कँटन शहरात 20 ते 30 जानेवारी 1924 या काळात कुओमिन्तांग या चिनी राष्ट्रवादी पक्षाचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरले. 28 तारखेला पक्षाची घटना मंजूर झाली. सभासदत्व, शाखा, वर्गणी, शिस्त अशा नेहमीच्या बाबींनी भरलेल्या या घटनेचे चौथे प्रकरण वेगळे उठून दिसते. ते पक्षाच्या सर्वोच्च पदाविषयी आहे. या पदाला 'झोंगली' म्हणत. पदाचे वर्णन सुरू होते तेच एका माणसाच्या नावाने. तीन लोकतत्त्वांचे आणि पंचाधिकारी राज्यघटनेचे प्रवर्तक सन महाशय हे पक्षाचे झोंगली आहेत, अशा आशयाचे ते पहिले कलम. सभासदांनी त्यांच्या मार्गदर्शनाप्रमाणे चालावे, राष्ट्रीय अधिवेशनाचे आणि मध्यवर्ती कार्यकारिणीचे अध्यक्ष तेच, अधिवेशनाचा ठराव फेरविचारासाठी परत पाठवण्याचा हक्क त्यांना, आणि कार्यकारिणीच्या कोणत्याही ठरावावर शेवटचा शब्द त्यांचा, हे पुढच्या कलमांत येते.

या घटनेचा आराखडा मुळात रशियन कम्युनिस्ट पक्षाच्या नियमावलीवरून बेतलेला होता. मॉस्कोहून आलेले सल्लागार मिखाइल बोरोडिन यांनी तो तयार केला आणि ल्याव चुंगखाय यांनी त्याचे चिनीत भाषांतर केले. शाखांची उतरंड, कार्यकारिणीचे अधिकार, बहुमताने ठरलेल्या गोष्टीला सर्वांनी बांधील राहणे, हे सारे त्या साच्यातून आले. चौथे प्रकरण मात्र त्या साच्यात नव्हते. ते कँटनमध्ये घातले गेले. झोंगली कसा निवडावा, त्याची मुदत किती, तो गेला तर पुढे काय, याबद्दल या प्रकरणात एक अक्षर नाही. सन यत्-सेन यांचे वय तेव्हा 57 होते. त्यांच्यामागे पन्नास वर्षे या पक्षात नेतेपदासाठी जे झगडे झाले, त्यांचे मूळ मला या प्रकरणात दिसते. व्यक्तींचे स्वभाव, लष्करी बळ, पैसा, परकीय सत्ता ही कारणे खरीच आहेत. पण प्रत्येक वेळी भांडणाऱ्यांना याच मजकुराशी झुंजावे लागले, आणि त्या झुंजीच्या खुणा कागदांवर राहिल्या आहेत.

असे प्रकरण लिहिण्याची गरज का वाटली, हे समजण्यासाठी बारा वर्षे मागे जावे लागते. 25 ऑगस्ट 1912 रोजी पेकिंगमध्ये जुना 'तुंगमेंगहुई' हा क्रांतिकारी संघ आणि काही छोटे गट एकत्र येऊन कुओमिन्तांग स्थापन झाला. त्याचे प्रमुखपद सन यांच्याकडे होते, पण त्यांनी ते काम सुंग च्याओरन या तिशीतल्या संघटकाकडे सोपवले. सुंग यांना पक्ष हवा होता तो निवडणूक लढवणारा, संसदेत बहुमत मिळवून मंत्रिमंडळ बनवणारा. 1912-13 च्या हिवाळ्यातल्या निवडणुकीत पक्षाला मोठे यश आले. 20 मार्च 1913 रोजी शांघायच्या रेल्वे स्टेशनवर सुंग यांच्यावर गोळी झाडली गेली आणि 22 तारखेला ते वारले. मरणापूर्वी त्यांनी राष्ट्राध्यक्ष युआन शिकाय यांना तार लिहवून घेतली. लोकांच्या हक्कांचे रक्षण करणारी राज्यघटना व्हावी, ही त्या तारेतली मागणी. तपासात पोलिसांना इंग क्वेइशिन नावाच्या इसमाच्या घरी तारांचा जुडगा सापडला, आणि एप्रिलअखेर तो प्रसिद्ध करण्यात आला. त्या तारांचा माग पेकिंगमधल्या मंत्रिमंडळाच्या कार्यालयातल्या एका सचिवापर्यंत जातो.

त्या उन्हाळ्यात युआनविरुद्धचा उठाव फसला, सन जपानला गेले, आणि नोव्हेंबरात पक्षावर बंदी आली. जपानमध्ये त्यांनी पराभवाचा जो अर्थ लावला तो त्यांच्या पत्रांतून स्वच्छ कळतो: आपले कोणी ऐकले नाही म्हणून आपण हरलो. 8 जुलै 1914 ला टोकियोत त्यांनी 'चिनी क्रांतिकारी पक्ष' उभा केला. प्रवेशासाठी शपथपत्र होते. त्यात सन यांच्या मागे चालण्याची, प्राण व स्वातंत्र्य अर्पण करण्याची प्रतिज्ञा, आणि खाली बोटाचा ठसा. हुआंग शिंग हे सन यांचे जुने, बरोबरीचे सहकारी. 1911 च्या क्रांतीपूर्वीच्या कितीतरी उठावांत ते प्रत्यक्ष आघाडीवर होते. त्यांनी सही नाकारली. एका व्यक्तीच्या आज्ञेत राहण्याची शपथ आणि गुन्हेगारासारखा ठसा, या दोन्ही गोष्टी त्यांना मान्य नव्हत्या. सन यांनी त्यांना लिहिले की आपण दोन वर्षे विश्रांती घ्यावी, म्हणजे मला माझ्या पद्धतीने करून पाहता येईल. हुआंग अमेरिकेला निघून गेले आणि 1916 मध्ये वारले.

1924 च्या घटनेतले चौथे प्रकरण या शपथपत्रातून आले, असे माझे मत आहे. रशियन साच्यातली समिती-पद्धत सन यांनी मनापासून घेतली, कारण पक्षाला शिस्त आणि सैन्य हवे होते. पण टोकियोत त्यांनी जे मिळवले होते, म्हणजे सहकाऱ्यांकडून वैयक्तिक निष्ठेची कबुली, ते सोडायला ते तयार नव्हते. म्हणून एकाच घटनेत दोन पक्ष नांदू लागले: एक समित्यांचा, एक माणसाचा. मध्यवर्ती कार्यकारिणीच्या 24 जणांची यादीसुद्धा सन यांनी स्वतःच्या हाताने लिहून अधिवेशनापुढे ठेवली. त्या यादीत ली ताचाओ हे कम्युनिस्ट आहेत, वांग चिंगवेई आहेत, हू हानमिन आहेत, ल्याव आहेत. उमेदवार सदस्यांत माओ त्से-तुंग यांचेही नाव आहे. च्यांग काय-शेक यांचे नाव कुठेच नाही. त्याच आठवड्यात लष्करी प्रबोधिनीच्या तयारी समितीचे प्रमुखपद त्यांना मिळाले होते. पण पक्षाच्या वरच्या वर्तुळात त्यांना जागा नव्हती. च्यांग आयुष्यभर रोजनिशी लिहीत, आणि तिच्या बहुतेक वह्या आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत. नेमकी 1924 ची वही हरवलेली आहे. त्यामुळे त्या यादीकडे त्यांनी कसे पाहिले हे त्यांच्या तोंडून कळण्याचा मार्ग बंद आहे.

नोव्हेंबर 1924 मध्ये सन राष्ट्रीय ऐक्याच्या वाटाघाटींसाठी उत्तरेकडे निघाले. कँटनचा कारभार हू हानमिन यांच्याकडे राहिला आणि वांग चिंगवेई सन यांच्याबरोबर गेले. ही वाटणी तेव्हा सोयीची होती. पुढे ती निर्णायक ठरली. पेकिंगमध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा यकृताचा कर्करोग हाताबाहेर गेल्याचे दिसले. त्यांना तिएशित्झ गल्लीतल्या एका घरी हलवले. 24 फेब्रुवारी 1925 ला वांग, मेहुणा सुंग त्झ-वेन, मुलगा सन को आणि साडू कुंग श्यांग-शी खोलीत गेले. वांग यांनी तयार करून आणलेला मसुदा वाचून दाखवला आणि सन यांनी मान्यता दिली. बाहेरून पत्नी सुंग चिंगलिंग यांच्या रडण्याचा आवाज येत होता. सही आत्ता नको, काही दिवसांनी करू, असे सन म्हणाले, आणि ती राहिली. 11 मार्चला, पत्नीने हाताला आधार दिलेला असताना, त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. कागदावर दोन्ही तारखा आहेत: मजकुराखाली 24 फेब्रुवारी, आणि सही नंतर 11 मार्चला केल्याची नोंद.

मृत्युपत्र छोटे आहे. चाळीस वर्षांच्या कामाचा उल्लेख, क्रांती अजून पुरी व्हायची असल्याची जाणीव, सहकाऱ्यांनी आपली पुस्तके आणि पहिल्या अधिवेशनाचा जाहीरनामा यांना धरून चालत राहावे ही सूचना, आणि राष्ट्रीय परिषद बोलावणे व विषम तह रद्द करणे या दोन तातडीच्या मागण्या. घरगुती मृत्युपत्र निराळे आहे. त्यात पुस्तके, कपडे आणि घर पत्नीला दिले आहे. सोव्हिएत सरकारला उद्देशून तिसरे पत्र आहे. उत्तराधिकाऱ्याचे नाव या तिन्हींत नाही.

हे नाव नसणे अपघाताने घडले, असे मला वाटत नाही. मसुदा लिहिणारे वांग स्वतःच एक दावेदार होते. हू कँटनमध्ये, ल्याव कँटनमध्ये, च्यांग पूर्व क्वांगतुंगच्या मोहिमेवर. नऊ साक्षीदारांत मुलगा, जावई, मेहुणा, साडू होते. ल्याव यांच्या पत्नी हे श्यांगनिंग होत्या, आणि पुढे वांग यांच्या विरोधात जाणारे त्सौ लू व ताय चीताओ हेही होते. इतक्या परस्परविरोधी मंडळींच्या सह्या ज्यावर होऊ शकतील, असाच मजकूर लिहिणे भाग होते. व्यक्तीऐवजी ग्रंथ नेमण्यात आले. नंतरच्या प्रत्येक दावेदाराला हा मजकूर उपयोगी पडला, कारण त्यातून कोणालाच वगळलेले नव्हते.

पुढच्या वर्षातली उलथापालथ थोडक्यात सांगण्यासारखी आहे. 1 जुलै 1925 ला कँटनमध्ये राष्ट्रीय सरकार स्थापन झाले आणि वांग त्याचे अध्यक्ष झाले. 20 ऑगस्टला ल्याव यांचा पक्षकार्यालयाच्या दारात खून झाला. संशयाची सावली हू यांच्या नातलगावर पडली आणि हू यांची मॉस्कोला पाठवणी झाली. जानेवारी 1926 च्या दुसऱ्या अधिवेशनात कार्यकारिणीच्या निवडणुकीत 249 मतांपैकी 248 मते चौघांना सारखी पडली: वांग, थान यानखाय, मॉस्कोत बसलेले हू, आणि च्यांग. पहिल्या यादीत नसलेला माणूस दोन वर्षांत पहिल्या ओळीत आला होता, आणि मधल्या काळात त्याच्याकडे सैन्य आले होते. 20 मार्च 1926 ला 'चुंगशान' या युद्धनौकेच्या हालचालीचे निमित्त करून च्यांग यांनी कँटनमध्ये लष्करी कायदा लावला. वांग आजारपणाचे कारण सांगून फ्रान्सला गेले.

या साऱ्या घालमेलीत घटनेचे चौथे प्रकरण तसेच राहिले. झोंगली हयात नव्हते, तरी त्यांचे पद रद्द झाले नाही आणि भरलेही गेले नाही. फेब्रुवारी 1926 पासून नियमच झाला की दर सोमवारी पक्षाच्या प्रत्येक कार्यालयात सन यांच्या तसबिरीला तीनदा वाकून नमस्कार करावा, मृत्युपत्र वाचावे, तीन मिनिटे स्तब्ध उभे राहावे. मार्च 1929 च्या तिसऱ्या अधिवेशनात तर सन यांची मुख्य शिकवण हाच देशाचा मूलभूत कायदा, असा ठराव झाला. हा ठराव म्हणजे हू हानमिन यांचे मोठे शस्त्र होते. 1931 च्या सुरुवातीला च्यांग यांनी तात्पुरती राज्यघटना आणण्याचे ठरवले तेव्हा हू यांनी विरोध केला: मूलभूत कायदा ठरलेला आहे, नवा कशाला? 28 फेब्रुवारीला च्यांग यांनी त्यांना जेवायला बोलावले आणि तिथेच अटकेत ठेवले. त्यातून कँटनमध्ये प्रतिसरकार उभे राहिले, आणि वर्षअखेर चौथे राष्ट्रीय अधिवेशन तीन ठिकाणी वेगवेगळे भरले: च्यांग यांचे नानकिंगला, हू यांच्या बाजूचे कँटनला, आणि वांग यांचे शांघायमध्ये, 'ता शिच्ये' या करमणूकगृहात. तिन्ही ठिकाणी निवडलेल्यांना शेवटी एकाच कार्यकारिणीत सामावून घेतले. तीन अधिवेशने, एक कार्यकारिणी, आणि तिघांच्याही भिंतीवर तसबीर एकच.

या अधिवेशनांची इतिवृत्ते आज वाचायला मिळतात, त्यामागे मोठा प्रवास आहे. 1930 मध्ये पक्षाने नानकिंगला आपल्या इतिहासाची साधने जमवणारी समिती स्थापन केली. यादवी युद्धात हार झाल्यावर ते दफ्तर तैवानला गेले आणि नांतौ जिल्ह्यातल्या त्साओतुन या गावी बरीच वर्षे राहिले. कँटनच्या जुन्या खात्यांचे कागद आणि 1927 च्या डाव्या गटाचे 'हानकौ दफ्तर' त्यात आहे. म्हणजे हरलेल्यांचे कागदही जिंकणाऱ्यांनी सांभाळले. हे मला या पक्षाचे मोठे ऋण वाटते. दफ्तर जाळणे सोपे असते.

29 मार्च 1938 ला वुचांग इथे, वुहान विद्यापीठाच्या आवारात, तातडीचे राष्ट्रीय अधिवेशन सुरू झाले. नानकिंग पडून साडेतीन महिने झाले होते. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या भारतीय वैद्यकीय पथकात होते, ते त्याच वर्षी सप्टेंबरात कँटनला उतरून नदीपलीकडच्या हानकौला पोचले. युद्धाची आच या शहरांपर्यंत कशी येत होती, हे मराठी वाचकाला त्या वाटेने माहीत आहे.) अधिवेशनाने घटनेत नवे पाचवे प्रकरण घातले. त्यात 'झोंगत्साय' आणि उप-झोंगत्साय अशी दोन पदे निर्माण केली. ती निवडून द्यायची होती. झोंगत्साय काय करील, हे सांगणारे कलम फार काळजीपूर्वक लिहिलेले आहे: चौथ्या प्रकरणात झोंगलीला दिलेले अधिकार तो त्यांच्या वतीने वापरील. च्यांग झोंगत्साय झाले, वांग उप-झोंगत्साय.

चौथे प्रकरण पुसून तिथे च्यांग यांचे नाव लिहिणे त्या दिवशी अशक्य नव्हते. सैन्य, सरकार, युद्धाचे नेतृत्व सारे त्यांच्याकडे होते. तरीही त्यांनी तेरा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचा मुखत्यार होणे पत्करले. मला यात च्यांग यांची नेमकी राजकीय समज दिसते. झोंगलीचे पद आपले करून घेतले असते तर वांग यांच्यासारखा जुना सोबती विचारू शकला असता की त्यांच्या जागी बसणारे तुम्ही कोण. वतीने वागणाऱ्याला हा प्रश्न विचारता येत नाही, आणि हाती येणारे अधिकार तर तेच राहतात. समित्यांचा पक्ष आणि माणसाचा पक्ष या 1924 च्या जोडीत माणसाची बाजू पुन्हा वर आली.

वांग यांना ते किती जिव्हारी लागले असेल, याचा अंदाज पुढच्या कागदांवरून येतो. 18 डिसेंबर 1938 ला ते चुंगकिंगहून निघून हनोईला गेले. 29 तारखेची, जपानशी तह करावा असे सुचवणारी त्यांची तार हाँगकाँगच्या वृत्तपत्रात आली, आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी पक्षाने त्यांना काढून टाकले. ऑगस्ट 1939 मध्ये त्यांनी जपानी पहाऱ्याखालच्या शांघायमध्ये स्वतःचे 'सहावे राष्ट्रीय अधिवेशन' भरवले. तिथे केलेल्या घटनादुरुस्तीत झोंगत्साय हे पद रद्द केले आणि वांग यांना कार्यकारिणीचे अध्यक्ष केले. सन यांचे नाव शिल्लकच राहिले. शत्रूच्या छायेत सरकार बनवायला निघालेल्या माणसालाही आपणच खरा कुओमिन्तांग आहोत, हे सिद्ध करण्यासाठी त्या नावाचा आधार सोडता आला नाही. वांग 1944 मध्ये नागोयाच्या इस्पितळात वारले.

च्यांग यांची रोजनिशी जुलै 1972 मध्ये थांबते. 5 एप्रिल 1975 ला ते तैपेईत वारले तेव्हा जे मृत्युपत्र जाहीर झाले, त्यावर 29 मार्चची तारीख आहे आणि ते सांगितल्याप्रमाणे लिहून घेतल्याची छिन श्याओयी यांची नोंद आहे. पत्नी सुंग मेइलिंग, उपराष्ट्राध्यक्ष आणि शासनाच्या पाच शाखांचे प्रमुख यांच्या सह्या त्यावर आहेत. या पाचांत मुलगा च्यांग चिंग-कुओ पंतप्रधान म्हणून आहेत. स्वतः च्यांग यांची सही नाही. पेकिंगच्या कागदाशेजारी हा कागद ठेवला की फरक कळतो: तिथे मरणाऱ्याने सहीसाठी दोन आठवडे घेतले आणि शेवटी ती केली, इथे सत्तेच्या सर्व पदांनी मिळून केली. उत्तराधिकाऱ्याचे नाव इथेही नाही. इथे ते लिहिण्याची गरज नव्हती. 28 एप्रिलला कार्यकारिणीच्या खास बैठकीत झोंगत्साय हे पद च्यांग यांच्या स्मरणार्थ कायमचे राखून ठेवले गेले आणि चिंग-कुओ 'अध्यक्ष' झाले. 1938 चा डाव मुलाने वडिलांच्या पदाबाबत पुन्हा खेळला. घटनेत आता दिवंगतांची दोन प्रकरणे झाली.

चिंग-कुओ 13 जानेवारी 1988 ला गेले आणि मागे पक्षाच्या वारसाविषयी नाव ठेवले नाही. राष्ट्राध्यक्षपद राज्यघटनेप्रमाणे तैवानात जन्मलेल्या ली तंग-हुइ यांच्याकडे आले. पक्षाध्यक्षपदासाठी असा कुठलाच आपोआप चालणारा नियम नव्हता. सुंग मेइलिंग तेव्हा नव्वदीत होत्या. त्यांनी पक्षाचे सरचिटणीस ली हुआन यांना पत्र लिहून कार्यवाहक अध्यक्षाची निवड लांबणीवर टाकण्यास सांगितले. 27 जानेवारीच्या स्थायी समितीच्या बैठकीत ली यांच्या नावाचा प्रस्ताव पुढे येण्यास उशीर होऊ लागला, तेव्हा मतदानाचा हक्क नसलेले उपसरचिटणीस जेम्स सुंग उठून बोलले, दिरंगाईबद्दल नाराजी व्यक्त केली आणि बाहेर निघून गेले. प्रस्ताव त्याच बैठकीत मंजूर झाला. पत्र एका बाजूला, समितीचे इतिवृत्त दुसऱ्या बाजूला. आणि पक्षाच्या इतिहासात नेतेपदाच्या प्रश्नावर समितीचा कागद घराण्याच्या कागदावर इतका उघड मात करताना मला प्रथमच दिसतो.

मार्च 2000 मधल्या निवडणुकीत पक्ष सत्तेबाहेर गेला. मुख्यालयासमोर जमलेल्या संतप्त कार्यकर्त्यांच्या दडपणाखाली ली यांनी 24 तारखेला अध्यक्षपद सोडले. बरोबर एका वर्षाने लिएन चान सर्वसाधारण सभासदांच्या थेट मतांनी निवडून आले, मात्र उमेदवार ते एकटेच होते. 16 जुलै 2005 ला मा यिंग-च्यो आणि वांग चिन-फिंग या दोघांत पहिली खरी लढत झाली. मा यांना 3,75,056 मते मिळाली, वांग यांना 1,43,268. दीड वर्षाने मा यांच्यावर खटला दाखल झाला तेव्हा त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला, आणि एप्रिल 2007 मध्ये सभासदांनी पुन्हा मतदान करून वू पो-श्युंग यांना निवडले.